ऑन-एअर संगणकाला कोणतं साउंड कार्ड? एका सामुदायिक रेडिओ केंद्राचं प्रकरण

केंद्र पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं. संस्थेच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर स्टुडिओ, शेजारच्या खोलीत ५० वॅटचा ट्रान्समीटर, गच्चीवर मास्ट. सामुदायिक रेडिओला सहसा परवानगीच तेवढ्या ताकदीची मिळते. अँटेनासकट हिशोब धरला तरी १०० वॅट. दहा-बारा किलोमीटरच्या टापूतली गावं ऐकतात. पगारी माणसं मोजकी, बाकीचे मानधनावर. तांत्रिक बाजू बघणारा मुलगा पूर्वी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. हात चांगला, पण ध्वनीचं औपचारिक शिक्षण नाही.

प्रसारणाचा संगणक लिनक्सवर होता. त्यावर रिव्हेंडेल, म्हणजे अमेरिकेतल्या सेलम रेडिओच्या तंत्रज्ञांनी २००२ मध्ये सुरू केलेली मुक्त-स्रोत प्रसारण प्रणाली. फ्रेड ग्लीसन हे तिचे मुख्य लेखक. गाण्यांचा साठा, दिवसभराची यादी, ठरल्या वेळेला आपोआप वाजवणं, सगळं त्यातच. परवान्याचे पैसे नाहीत, म्हणून केंद्राने ती निवडली होती, आणि ती निवड बरोबर होती. संगणक मात्र साधा ऑफिसचा, आणि आवाज बाहेर पडत होता मदरबोर्डवरच्याच (ऑनबोर्ड) साउंड कार्डाच्या हिरव्या भोकातून.

श्रोत्यांची तक्रार एका वाक्यात होती: स्टेशन लागतं, पण बोलत नाही.

ट्रान्समीटर चालू, वाहक लहर हवेत आणि त्यावर आवाज शून्य. रेडिओवाल्याच्या दृष्टीने हा प्रकार ट्रान्समीटर बंद पडण्यापेक्षा वाईट. ट्रान्समीटर बंद असला की निदान रेडिओत खरखर येते आणि ऐकणाऱ्याला कळतं की काहीतरी बिघडलंय. इथे तर केंद्रातल्यांनाही पत्ता नसायचा. पडद्यावर रिव्हेंडेलची यादी पुढे सरकतेय, आवाजाचे काटे नाचतायत, गाणं संपून दुसरं सुरू होतंय. निवेदिका ताई मला म्हणाल्या, "सर, कॉम्प्युटर तर वाजतोय. आम्हाला बाहेरून फोन आल्यावर कळतं."

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. हे मूक तास वीज जाऊन आल्यानंतरचेच होते. लिनक्समध्ये ध्वनीचं काम आल्सा बघतं, आणि ते सापडतील त्या क्रमाने कार्डांना आकडे देतं: शून्य, एक, दोन. संगणकात ऑनबोर्ड कार्ड होतं आणि ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयचंही एक ध्वनी-कार्ड होतं. सुरू होताना दोन्हींचे चालक (ड्रायव्हर) जवळपास एकाच वेळी चढतात आणि कोण आधी पोचेल याची हमी नाही. बहुतेक वेळा ऑनबोर्डला शून्य मिळायचं, कधीतरी एचडीएमआयला. रिव्हेंडेलची मांडणी शून्य क्रमांकावर बांधलेली. त्यामुळे तशा दिवशी सगळं प्रसारण इमानदारीत मॉनिटरच्या केबलमधून जात होतं, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता.

नुसतं एवढंच असतं तर दोन ओळींची दुरुस्ती होती. कार्डाला आकड्याऐवजी नावाने हाक मारायची, एचडीएमआयचा ध्वनी बंद करायचा, झालं. पण आणखी दोन गोष्टी कानावर येत होत्या. एक, सततची घरघर, जी रात्री निवेदनाच्या मधल्या विरामांत स्पष्ट ऐकू यायची. दोन, अधूनमधून "टिंग". डेस्कटॉपवर अपडेटची सूचना आली की तिचा आवाज थेट हवेत जात होता. कार्ड बदलायचं ठरलं ते या तिन्ही गोष्टी एकत्र बघून.

आधी गरज, मग कार्ड

केंद्राच्या व्यवस्थापक मॅडमनी एक जाहिरातवजा कागद पुढे केला. कोणीतरी सुचवलेलं कार्ड, १९२ किलोहर्ट्झचं नमुनाकरण (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते), १२० डेसिबलच्या वरचा डायनॅमिक रेंज (सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर). हे आकडे खोटे नसतात, पण एफएमसाठी निरुपयोगी असतात. एफएम प्रसारणात आवाज जातो १५ किलोहर्ट्झपर्यंत. त्याच्या वर १९ किलोहर्ट्झला स्टिरिओचा पायलट सूर बसलेला असतो, म्हणून त्याआधीच गाळणी लागते. ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झचं नमुनाकरण याला पुरून उरतं. डायनॅमिक रेंजचं तेच. साधं १६ बिट ९६ डेसिबलच्या आसपास जातं. श्रोत्याच्या हातातला मोबाइल किंवा ट्रॅक्टरवरचा रेडिओ त्याच्या जवळपासही पोचत नाही. १९२ किलोहर्ट्झ खरोखर लागतं ते एकाच ठिकाणी: स्टिरिओचा पूर्ण संयुक्त सिग्नल संगणकातच तयार करून थेट एक्सायटरला (ट्रान्समीटरचा पहिला टप्पा) द्यायचा असेल तर. या केंद्रात ते काम ट्रान्समीटर स्वतः करत होता.

मग केंद्रात आवाजाच्या वाटा किती, ते कागदावर मांडलं. प्रसारणाचा स्टिरिओ आवाज मिक्सरला. निवेदकाला पुढचं गाणं आधी हेडफोनवर ऐकण्यासाठी क्यू. मिक्सरकडून रेकॉर्डिंगसाठी आत येणारा आवाज. आणि लॉगर, म्हणजे प्रसारणाची सतत नोंद ठेवणारं ध्वनिमुद्रण, कारण प्रसारित झालेल्या सगळ्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणं परवान्याच्या अटींत आहे.

या चारांपैकी खरी विश्वासार्हता एकाच वाटेला लागते. क्यू बंद पडला तर निवेदक चिडेल. रेकॉर्डिंग बंद पडलं तर कार्यक्रम उद्या ध्वनिमुद्रित होईल. लॉगरला दर्जा लागत नाही: ६४ केबीपीएसच्या मोनो एमपी३मध्ये तासाला २८.८ एमबी जागा जाते, चोवीस तास धरले तरी ९० दिवसांचं सगळं मिळून ६२ जीबीच्या आत-बाहेर. साध्या डिस्कवर, साध्या ऑनबोर्ड कार्डावर होणारं काम. (लॉगरला आवाज मिक्सरमधून देण्याचा मोह होतो, तो टाळावा. एफएम रिसीव्हर लावून हवेतून पकडलेला आवाजच नोंदवावा. नाहीतर स्टेशन मुकं असताना नोंदवहीत सुंदर गाणी सापडतील.)

पैसा कुठे घालायचा हे एवढ्यावरच ठरलं: प्रसारणाच्या एका स्टिरिओ वाटेवर. त्या वाटेच्या अटी चार. आउटपुट बॅलन्स्ड असावं (म्हणजे काय ते पुढे येतंच). चालक लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असावा. वीज जाऊन आल्यावर कार्ड त्याच नावाने उभं राहावं. आणि ते मेलं तर तांत्रिक मुलाशिवाय, ताईंनासुद्धा, बदलता यावं. माझ्या लेखी चौथी अट सगळ्यात वजनदार, आणि कार्डांच्या चर्चेत तीच सहसा कोणी मांडत नाही.

घरघरीचं मूळ

बॅलन्स्डचा आग्रह का, ते या घरघरीवरून सांगतो. संगणकाचा पॉवर सप्लाय एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या भिंतीवरच्या. इमारत जुनी, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा शेवटचा कधी भरला ते कोणालाच आठवत नव्हतं. दोन यंत्रांच्या अर्थमध्ये किंचितसा फरक असला की ऑनबोर्डच्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनेतून मिक्सरकडे जाणाऱ्या तारेची जाळी हाच त्या फरकाला वाहायचा रस्ता होतो, आणि अनबॅलन्स्ड जोडणीत तीच जाळी सिग्नलचा परतीचा मार्गही असते. ५० हर्ट्झची वीज आणि तिची पिलावळ सरळ आवाजात मिसळते. बॅलन्स्ड जोडणीत सिग्नल दोन तारांवर उलटसुलट जातो, मिक्सर त्यांच्यातला फरक घेतो, आणि दोन्हींवर सारखीच बसलेली घरघर वजा होते.

पातळीचाही प्रश्न होता. व्यावसायिक उपकरणांची नेहमीची पातळी +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट, घरगुती उपकरणांची −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. दोहोंत सुमारे १२ डेसिबलचा फरक. ऑनबोर्ड कार्डाचा जोर कमी म्हणून मिक्सरवर गेन (आवाज किती वाढवायचा ते प्रमाण) चढवून ठेवला होता, आणि गेन चढवला की घरघरही तेवढीच चढते.

शेजारच्या खोलीत ट्रान्समीटर असल्याने तिसरीही एक भानगड होती. लांब अनबॅलन्स्ड तारा अँटेनासारख्या वागतात, रेडिओ लहरी उचलतात, आणि ध्वनीच्या परिपथात त्यांचा बारीक चर्रर्र आवाज होतो. तारांवर फेराइटचे मणी चढवल्यावर तो गेला. कार्ड बदलायच्या आधीच. अर्थिंगचा खड्डाही आधीच भरून घेतला, वायरमनकडून. ही कामं कार्ड घेण्याआधी करायची. नाहीतर नव्या कार्डावर जुना दोष चिकटतो.

बाजारात काय होतं

रेडिओवाल्यांना लिनक्ससाठी कार्ड विचारलं की पहिलं नाव निघतं ऑडिओसायन्सचं. ते उगाच नाही. ही कार्डं प्रसारणासाठीच बनवलेली: बॅलन्स्ड आत-बाहेर, एका कार्डावर अनेक स्टिरिओ वाटा, कार्डावरच डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी वेगळी चिप), त्यामुळे मिसळणं आणि पातळी सांभाळणं संगणकाच्या प्रोसेसरवर पडत नाही. रिव्हेंडेलला आल्सा आणि जॅक (आवाज हवा तिकडे वळवणारी ध्वनी-सेवा) यांखेरीज या कार्डांशी थेट बोलायचा स्वतंत्र मार्ग आहे. फ्रान्सच्या डिजिग्रामची कार्डंही याच जातीची आणि त्यांपैकी अनेकांचे चालक कर्नलमध्ये आहेत. जर्मनीच्या आरएमईची हॅमरफॉल घराण्यातली कार्डं स्टुडिओसाठी, पण लिनक्सवर वर्षानुवर्षं नीट चालणारी. यांतलं काहीही घेतलं असतं तर तांत्रिक दृष्ट्या चूक झाली नसती.

नाही घेतलं ते एका साध्या कारणाने. यांतलं एक कार्ड केंद्राच्या अख्ख्या संगणकापेक्षा महाग, आणि दुसरं सुटं आणून ठेवायची ऐपत नाही. बाहेरून मागवायचं, कस्टम्स, वाट बघणं. वळवाच्या पावसात मास्टवर वीज पडली आणि कार्ड गेलं, तर उत्तम कार्डाच्या जागी पुन्हा तेच हिरवं भोक येणार. एकुलतं एक उत्कृष्ट कार्ड आणि कपाटात जोडीदार असलेलं चांगलं कार्ड, यात अशा केंद्राने दुसरं घ्यावं असं मी मॅडमना स्पष्ट सांगितलं.

एम-ऑडिओच्या डेल्टा मालिकेचा विषय तांत्रिक मुलाने काढला. त्याने कुठेतरी वाचलं होतं की लिनक्सवर याच्याइतकं निर्धास्त कार्ड नाही. खरं आहे. त्यांतली एन्व्ही२४ चिप आणि तिचा आल्सा चालक ही जोडी जुनी, मुरलेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालात अजून एखादं मिळूनही जाईल. पण ती जुन्या पीसीआय खाचेची कार्डं, आणि आजच्या मदरबोर्डवर ती खाच जवळपास दिसतच नाही. शिवाय लोकप्रिय मॉडेलांपैकी काहींना आरसीए, म्हणजे अनबॅलन्स्ड आउटपुट, त्यामुळे घरघरीचा प्रश्न तसाच. जुन्या कार्डांवरचे कपॅसिटरही माणसासारखेच म्हातारे होतात. हा पर्याय भावनेला पटला, व्यवहाराला नाही.

दुसऱ्या टोकाला अगदी स्वस्त यूएसबी डब्या. बेहरिंगरची यूसीए मालिका त्यातली प्रसिद्ध. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेगळा चालक लागतच नाही. नाकं मुरडली जातात, पण रेकॉर्डिंगच्या संगणकासाठी वाईट नाहीत. प्रसारणाला नाही, कारण आउटपुट आरसीए.

उरला मधला गट: बॅलन्स्ड टीआरएस (तीन संपर्कांच्या पिनेचं) आउटपुट असलेले यूएसबी ऑडिओ इंटरफेस, घरगुती स्टुडिओवाले वापरतात तसे. यांत बघायची गोष्ट एकच, ते यूएसबीच्या ध्वनी-वर्गाचा प्रमाणित संकेत पाळतात का. पाळत असतील तर कर्नलमधला एकच सामान्य चालक त्यांना पुरतो, कंपनी लिनक्सचं नाव घेवो न घेवो. जे फक्त स्वतःच्या चालकावर चालतात ते सोडून द्यायचे. आणखी एक मधली जात आहे: आवाज चालतो, पण आतल्या मिक्सरची मांडणी कंपनीच्या विंडोज-मॅक प्रोग्राममधूनच होते. फोकसराइटच्या स्कारलेट मालिकेसाठी जेफ्री बेनेट यांनी ही उणीव भरून काढणारा चालक लिहिला आणि तो कर्नलमध्ये आला. सगळ्याच मॉडेलांच्या नशिबी असा माणूस नसतो. आम्ही ज्याच्या आत सॉफ्टवेअर मिक्सरच नाही असा साधा, दोन आत-दोन बाहेरचा इंटरफेस घेतला. एकाच मॉडेलचे दोन. मिक्सर नसणं हा इथे गुण आहे: वीज गेल्यावर विसरायला त्याच्याजवळ काही नसतं.

बसवताना

कर्नलचा मुद्दा आधी निकालात काढावा लागला. केंद्राचा संगणक सेंटओएस ७ वर होता, त्याचा कर्नल ३.१०, आणि त्या प्रणालीची मुदत ३० जून २०२४ ला संपलेली. नव्या यूएसबी उपकरणांच्या बारीकसारीक खोडी सांभाळणाऱ्या दुरुस्त्या नव्या कर्नलमध्ये येतात. म्हणून आधी उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती आणि त्यावर रिव्हेंडेलची चौथी पिढी, मग कार्ड.

नावाचं काम युडेव्हने, म्हणजे जोडलेली उपकरणं ओळखून त्यांना नावं देणाऱ्या लिनक्सच्या सेवेने, केलं. इथे एक निर्णय विचार करून घ्यावा लागतो. कार्डाला नाव अनुक्रमांकावरून द्यायचं की ते ज्या पोर्टात खोचलंय त्यावरून? पुस्तकी सल्ला अनुक्रमांकाचा, आणि एकाच वेळी दोन सारखी कार्डं लावायची असतील तर तो ठीकही आहे. पण आमचं दुसरं कार्ड कपाटात. पहिलं मेल्यावर ताईंनी दुसरं त्याच पोर्टात खोचलं की ते "ऑनएअर" याच नावाने उभं राहायला हवं. म्हणून नियम पोर्टावर बांधला. मदरबोर्डच्या मागच्या बाजूचं एक पोर्ट ठरवलं, त्याला लाल रंग लावला, मध्ये हब नाही, केबल टेबलाच्या पायाला बांधलेली.

"टिंग" बंद करायला पल्सऑडिओला (डेस्कटॉपचे आवाज हाताळणारी सेवा) ते कार्ड दिसणारच नाही अशी सोय केली. प्रसारणाच्या कार्डाला रिव्हेंडेलशिवाय कोणीही हात लावायचा नाही. क्यू आणि डेस्कटॉपचे आवाज ऑनबोर्डवर. एचडीएमआयचा ध्वनी बायोसमधूनच बंद. यूएसबीची वीज वाचवणारी झोपही बंद केली.

जॅक वापरायचा की सरळ आल्सा, यावर बोलणं झालं. जॅकमध्ये आवाज हवा तिथे वळवता येतो, मध्ये प्रोसेसर बसवता येतो. पण जॅक एका कार्डाच्या घड्याळावर चालतं. दोन कार्डांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. फरक नुसता दशलक्षात ५० चा असला तरी दिवसाला चार सेकंदांहून जास्त होतो, आणि तो मिटवायला मध्ये पुनर्नमुनाकरण लावावं लागतं. इथे प्रसारण एका कार्डावर, क्यू दुसऱ्यावर, दोघांना एकमेकांशी देणंघेणं नाही. सरळ आल्सा ठेवलं. बफर, म्हणजे आवाजाचा आगाऊ साठा, सढळ ठेवला. गाणं काही मिलिसेकंद उशिरा सुटलं तर कोणाचं बिघडत नाही; कमी विलंबाचा हव्यास गिटार वाजवणाऱ्यांचा.

इंटरफेसच्या पुढच्या भागाने मात्र डोकं खाल्लं. तिथे आउटपुटचं बटण, जे फडक्याने धूळ पुसतानाही फिरतं. आणि "डायरेक्ट मॉनिटर"ची कळ, जी दाबली तर आत येणारा आवाज सरळ बाहेरच्यात मिसळतो. घरच्या स्टुडिओत सोय, प्रसारणात संकट. आउटपुटचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवून ठेवलं, कारण ती एकच जागा डोळे मिटून पुन्हा सापडते आणि सुटं कार्ड लावणाऱ्यालाही सांगता येते. पातळीची जुळवणी मिक्सरच्या बाजूने केली: रिव्हेंडेलमधून −१८ डीबीएफएसचा (डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खालचा) एक किलोहर्ट्झचा सूर सोडून मिक्सरचा काटा जागेवर आणला. मग समोर पातळ अॅक्रिलिकची पट्टी स्क्रूने बसवली. वापरत नसलेल्या माइक इनपुटांचे गेन शून्यावर.

चाचणी

दुकानात किंवा टेबलावर कार्ड वाजलं याला प्रसारणात किंमत नाही. मेन स्विच पाडून, थांबून, पुन्हा चढवून, दर वेळी आवाज आपोआप योग्य वाटेने येतो का हे बघितलं. रात्रभर यादी चालू ठेवून त्याच वेळी मोठ्या फायली डिस्कवर हलवल्या, शेकडो गाणी आयात केली, आणि सकाळी नोंदींमध्ये आवाज तुटल्याच्या खुणा शोधल्या. प्रसारण चालू नसताना कार्डाची केबल ओढून काढली. ही शेवटची चाचणी बहुतेकजण टाळतात, आणि तीच सगळ्यात जास्त शिकवते: कार्ड परत खोचलं म्हणून आवाज परत येत नाही. रिव्हेंडेलची ध्वनी-सेवा जुन्या, गेलेल्या कार्डाला धरून बसलेली असते. ती पुन्हा सुरू करावी लागते आणि प्रसारणाची खिडकी नव्याने उघडावी लागते.

यूएसबीची ही उणीव खरी आहे. खाचेत बसलेलं कार्ड पाय लागून निघत नाही. आम्ही ती मान्य करून तिच्यावर उपाय ठेवला: डेस्कटॉपवर "आवाज गेला" नावाचं एक चिन्ह, दाबलं की सेवा नव्याने सुरू होते आणि खिडकी उघडते. शेजारी भिंतीवर कागद: लाल पोर्टातली केबल बघा, चिन्ह दाबा, तरी नाही आला तर कपाटातला डबा त्याच केबलला लावा, बटण पूर्ण उजवीकडे, पुन्हा चिन्ह दाबा. ताईंकडून हे प्रत्यक्ष करवून घेतलं, तांत्रिक मुलाला खोलीबाहेर उभं करून.

आणि मुक्या स्टेशनवर पहारा म्हणून लॉगरच्या संगणकालाच काम दिलं. तो हवेतला आवाज ऐकतच असतो. ठरावीक वेळ शांतता राहिली की स्टुडिओत भोंगा आणि मुलाच्या मोबाइलवर संदेश. कार्ड कितीही चांगलं असलं तरी हा पहारा काढू नये, कारण शांततेला साउंड कार्डाखेरीज इतर कारणंही असतात: मिक्सरचा खाली राहिलेला फेडर, ढिली एक्सएलआर पिन, संपलेली यादी.

घरघर गेली, "टिंग" गेली. पावसाळ्यात वीज जायची तशी जातच राहिली, पण आकड्यांच्या गोंधळामुळे स्टेशन मुकं झाल्याची तक्रार पुन्हा आली नाही. सुटं कार्ड एकदा कपाटातून बाहेर आलं: जुन्याच्या यूएसबी जोडणीत ढिलेपणा आला होता, निवेदिका ताईंनी स्वतः बदललं आणि मुलाला नंतर कळवलं. मॅडमनी लगेच तिसरा डबा घेऊन ठेवला.

केंद्राला आता दुसरा स्टुडिओ हवा आहे, दोन्हींमधून आलटून पालटून थेट प्रसारण करायचं म्हणतात. ते झालं तर एका संगणकातून तीन-चार स्वतंत्र स्टिरिओ वाटा लागतील, आणि तिथे छोट्या यूएसबी डब्यांची रांग लावणं मी सुचवणार नाही. तेव्हा ऑडिओसायन्सच्या जातीचं एक बहुवाटी कार्ड घ्यावं, आणि आजचे चालू डबे त्याचे राखीव म्हणून ठेवावेत. अनुदानाच्या अर्जात तसं लिहून दिलं आहे.